38 की 61? घरच्या वाइनमधल्या सल्फाइटचा हिशोब

पत्र थोडक्यात: नाशिक शहरात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. त्यांच्या माहेरची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. वायनरीला माल गेल्यावर मागे राहिलेल्या शिराज जातीच्या घडांची त्या दर हंगामात साधारण 20 लिटर रेड वाइन घरी करतात. विकायला नाही, घरच्यांसाठी. मागच्या वर्षी बाटल्या भरताना त्यांनी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (केएमएस), म्हणजे टिकवण्यासाठी घालतात ती सल्फाइटची पूड, आईच्या स्क्वॉशच्या वहीतल्या मापाने घातलं: लिटरला 0.6 ग्रॅम. वर्षअखेरीला सगळे जमले असताना दमा असलेल्या नणंदेला अर्धा ग्लास होताच खोकल्याची उबळ आली, छाती आवळून आली, पंप घ्यावा लागला. तेव्हापासून ‘तुझ्या वाइनमध्ये केमिकल असतं’ हे घरात सगळ्यांच्या तोंडी आहे. यंदा ताईंनी केएमएस एकदाच, ‘अंदाजाने दोन चिमटी’ घातलं आणि मोजायचं ठरवलं. ऑनलाइन मागवलेली सल्फाइट मोजायची पट्टी 10 आणि 25 च्या मधला कुठलासा रंग दाखवते. बी.एस्सी. करणाऱ्या मुलाने आयोडीनचं टायट्रेशन केलं, तर एकाच बाटलीचं पहिलं रीडिंग 38 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आलं आणि दुसरं 61. ताई विचारतात: खरा आकडा कोणता? किती असला म्हणजे सुरक्षित? आकडा चांगला निघाला तर यंदा वन्संना ग्लास देता येईल का? की केएमएस न घालताच वाइन करावी?

नमस्कार ताई,

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. वन्संना देऊ नका. आकडा 38 असो, 61 असो, नाहीतर उद्या प्रयोगशाळेने 8 लिहून देवो. ज्यांना सल्फाइटचा त्रास होतो त्यांच्यातल्या काहींना अगदी थोड्या प्रमाणातही होतो, आणि दम्याच्या माणसात तो काही मिनिटांत छातीवर येतो. शिवाय त्या रात्री नक्की सल्फाइटच बाधलं, हेही आपण घरबसल्या ठरवू शकत नाही. वाइनमधलं हिस्टामिन आणि खुद्द अल्कोहोल यांनीही काहींचा दमा चाळवतो. सोनेरी बेदाणे, पिवळेधमक जर्दाळू, बाटलीबंद लिंबूरस किंवा स्क्वॉश यांनी त्यांना कधी खोकला आला होता का, एवढं विचारा, कारण या सगळ्यांत सल्फाइट असतं. उत्तर ‘हो’ आलं तर ती माहिती त्यांच्या छातीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. ‘थोडंसं पिऊन बघू, काय होतंय’ हा प्रयोग घरी करायचा नाही. असली चाचणी दवाखान्यात, आणीबाणीची तयारी ठेवून करतात.

आता तुमच्या पत्राकडे वळते. ते वाचताना मला असं वाटत राहिलं की तुम्हाला आकडा वाइनसाठी कमी आणि घरातल्या वादासाठी जास्त हवा आहे. ‘बघा, अमुक इतकंच आहे, माझ्या वाइनने काही झालं नाही’ असं म्हणता यावं, म्हणून. तसं वाटणं साहजिक आहे. सगळ्यांच्या देखत एखाद्याचा हातगुण काढला की लागतंच. पण सल्फाइटचं रीडिंग वाइन किती टिकेल ते सांगतं. वन्संच्या श्वासनलिकांबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि मागच्या वर्षीपुरतं बोलायचं तर, ताई, हिशोब तुमच्या बाजूने लागत नाही.

तो हिशोब मांडूनच बघू. सल्फाइट मोजतात ते त्यातून मिळणाऱ्या सल्फर डायऑक्साइड या वायूच्या रूपात, आणि केएमएसच्या वजनात तो साधारण 57 टक्के असतो. लिटरला 0.6 ग्रॅम म्हणजे लिटरला जवळपास 345 मिलिग्रॅम, म्हणजे 345 पीपीएम. स्क्वॉशसाठी हे माप बरोबर आहे. फळप्रक्रियेच्या वर्गात वर्षानुवर्षं 350 पीपीएमची मर्यादा शिकवतात, आणि तुमच्या आईंनी वहीत तीच उतरवली आहे. पण स्क्वॉश आपण तीन-चारपट पाणी घालून पितो आणि वाइन तशीच. युरोपात कोरड्या रेड वाइनला एकूण 150 पीपीएमची मर्यादा आहे, व्हाइटला 200. अमेरिकेतली मर्यादा 350. म्हणजे तुमची मागच्या वर्षीची वाइन जगातल्या सैल नियमाच्या अगदी काठावर होती. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने रोजच्या सल्फाइटची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 0.7 मिलिग्रॅम धरली आहे. 60 किलोच्या माणसाला 42 मिलिग्रॅम. 150 मिलीच्या एका ग्लासात तुमच्या वाइनने 52 मिलिग्रॅम दिले असते. अर्ध्या ग्लासात वन्संना सुमारे 26 मिळाले. निरोगी माणसाला त्याने काही झालं नसतं, आणि तुम्हा बाकीच्यांना काही झालंही नाही. पण ही मर्यादा ज्यांना सल्फाइट बाधतं अशांसाठी आखलेलीच नाही.

एक विचारू? मागच्या वर्षी केएमएस घातल्यावर दुसऱ्या दिवशी वाइनचा रंग उतरला होता ना? लालभडक शिराज फिकट, विटकरी-गुलाबी झाली असणार. आणि ग्लास नाकाशी नेला की काडी ओढल्यासारख्या झिणझिण्या. आईंची वही पुन्हा उघडून जांभळाच्या किंवा कोकमाच्या पानावर बघा. तिथे बहुधा केएमएस नसेल, सोडियम बेंझोएट असेल. लाल-जांभळ्या रसाला केएमएस घालायचं नाही, रंग जातो, हे फळप्रक्रियेच्या प्रत्येक वर्गात सांगतात. वाइनचा लाल रंग त्याच जातीच्या द्रव्यांचा, अँथोसायनिनचा. सल्फर डायऑक्साइड त्याला चिकटतो आणि तो रंगहीन होतो. (म्हणून वाइनमध्ये बेंझोएट घालावं, असा अर्थ कृपया काढू नका.)

हे चिकटणं समजलं की 38 आणि 61 चं कोडंही सुटतं. वाइनमध्ये घातलेला सगळा सल्फर डायऑक्साइड कामाला येत नाही. बराचसा वाइनमधल्या अॅसिटाल्डिहाइड नावाच्या द्रव्याला, साखरेला, रंगद्रव्यांना बांधला जातो. लग्नघरात माणसं शंभर असली तरी पंगत वाढायला मोकळे हात किती, तसंच हे. मोकळे ते ‘फ्री’, सगळे मिळून ‘टोटल’. वाइनचं रक्षण फ्री करतो, कायद्याच्या आणि तब्येतीच्या मर्यादा टोटलवर असतात. तुमच्या पत्रात हे दोन शब्द कुठेच नाहीत, म्हणून मुलाला आधी विचारा की त्याने काय मोजलं. पद्धतीवरून मला वाटतं, फ्री.

तो करतोय ती पद्धत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. वाइनमध्ये आम्ल आणि स्टार्च घालायचा, ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंबाथेंबाने आयोडीन सोडायचं. आयोडीन आधी सल्फर डायऑक्साइडशी लागतं. तो संपला की पुढचा थेंब स्टार्चला निळा करतो, तिथे थांबायचं. व्हाइट वाइनमध्ये हे ठीक चालतं. रेडमध्ये दोन अडचणी येतात. एक म्हणजे गडद लालमध्ये निळा दिसतच नाही, मळकट जांभळं काहीतरी दिसतं. दुसरी जास्त मोठी: रेड वाइनमधली टॅनिन आणि रंगद्रव्यंही आयोडीन खातात, फक्त सावकाश. म्हणून निळा येतो, चार-दहा सेकंदांत विरतो, पुन्हा थेंब टाकला की पुन्हा येतो, पुन्हा विरतो. माझा अंदाज असा की पहिल्या वेळी मुलगा पहिल्या गडद झाकेला थांबला आणि दुसऱ्या वेळी रंग टिकेपर्यंत थेंब टाकत राहिला. नमुना 20 मिली आणि आयोडीन 0.01 नॉर्मल (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) असेल, तर एक मिली आयोडीन म्हणजे 16 पीपीएम. 38 आणि 61 मधलं सगळं अंतर दीड मिलीच्या आत बसतं. त्यात आयोडीनचं द्रावण कॉलेजच्या कपाटात कधीचं होतं, थायोसल्फेटने तपासून घेतलं होतं का, हे वेगळंच. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आयोडीन झपाट्याने कमजोर होतं, आणि कमजोर आयोडीन जास्त लागतं, म्हणजे आकडा फुगतो.

पण खरं सांगायचं तर ब्युरेट हातात घेण्याआधीच या दोन्ही आकड्यांवर संशय घेता आला असता. दोन चिमटी म्हणजे किती? दागिन्यांच्या छोट्या डिजिटल काट्यावर घालून बघा. अर्धा ते एक ग्रॅम भरेल. एक ग्रॅम धरला तरी त्यातून 570 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. 20 लिटरमध्ये तो पसरला की 29 पीपीएमही होत नाही. आंबताना यीस्ट स्वतः थोडा तयार करतं, बहुतेक वेळा 10-20 पीपीएम, आणि तो जवळजवळ सगळा बांधलेलाच असतो. म्हणजे तुमच्या जारमध्ये टोटलच पन्नासाच्या आसपास असेल. मग फ्री 61 येणार कुठून? 38 सुद्धा पटत नाही. मला विचाराल तर तुमच्या वाइनमध्ये फ्री 10 ते 20 च्या मध्ये असावा. पट्टीचा रंग त्याच्याशी जुळतो, पण तो योगायोग समजा. लाल वाइनमध्ये बुडवलेल्या पट्टीचा मूळ रंग कोणता आणि वाइनचा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. पट्ट्यांवर पुन्हा पैसे घालू नका.

मुलाच्या कामावर मात्र पाणी ओतू नका. आयोडीनची पद्धत खरा आकडा सांगायला कमी पडते, पण बदल दाखवायला चालते. तोच नमुना-आकार, तेच ताजं द्रावण, त्याच प्रकाशात, वाइन फ्रिजमधून काढल्याबरोबर, आणि थांबायचा एकच नियम: बाजूला बिनआयोडीनचा तसाच नमुना ठेवायचा, चंचुपात्रामागून टॉर्च धरायचा, आणि त्याच्याशी ताडून रंग स्पष्ट बदललेला दिसला, 20-30 सेकंद टिकला की वाचायचं. त्यानंतर विरला तरी पुढे जायचं नाही. दर महिन्याला असं केलंत तर आकडे चढे असतील, पण उतार खरा कळेल.

आकडाच हवा असेल तर वायनऱ्या वापरतात ती हवेची पद्धत बरी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांच्या परवानगीने ती सहज जमेल. 20 मिली वाइनमध्ये 10 मिली 25 टक्के फॉस्फोरिक आम्ल घालायचं, फ्लास्क बर्फात ठेवायचा आणि माशांच्या टाकीच्या पंपासारख्या छोट्या पंपाने त्यातून 10-15 मिनिटं हवा सोडायची. हवेबरोबर निघालेला फ्री सल्फर डायऑक्साइड पुढच्या नळीत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अडकतो आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. ते 0.01 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचं. इथेही एक मिलीला 16 पीपीएम. वाइनचा रंग नळीत येतच नाही, त्यामुळे डोळ्यांची फसगत होत नाही: मिथिल रेड आणि मिथिलीन ब्लूचं मिश्र सूचक जांभळ्याचं हिरवं झालं की थांबा. पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातलं 6 टक्क्यांचं चालेल, वीसपट पातळ करून. मात्र ते मुळात किंचित आम्ल असतं, म्हणून हवा सुरू करण्याआधी थेंबभर हायड्रॉक्साइडने त्याला हिरव्यावर आणून ठेवायचं. ही पायरी नव्या मुलांकडून हटकून सुटते आणि सगळी रीडिंग चढी येतात. बर्फ विसरलात तर बांधलेलाही सुटायला लागतो. टोटल हवा असेल तर हेच वाइन उकळत ठेवून, वर कंडेन्सर लावून करतात. ते घरच्या ओट्यावर नको. आम्लं, गॉगल, हातमोजे, आम्ल पाण्यात ओतायचं, उलटं नाही, हे मुलाला माहीत असेलच.

प्रयोगशाळेचा रस्ताही आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत फोन करून ‘फ्री आणि टोटल सल्फर डायऑक्साइड, दोन्ही’ असं स्पष्ट विचारा, नाहीतर नुसतं टोटल मिळेल. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकी वाइन आंबट), तोही त्यातच करून घ्या. नमुन्याची बाटली काठोकाठ भरा, थंड ठेवा, त्याच दिवशी पोहोचवा. अर्धी भरलेली बाटली दोन दिवस गाडीत फिरली तर मोजण्यासारखं फारसं उरत नाही.

पीएच म्हटलं, आणि तुमच्या पत्रात नसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ‘किती असला म्हणजे पुरेसा’ याचं उत्तर पीएचशिवाय देताच येत नाही. फ्री सल्फर डायऑक्साइडचाही फक्त एक छोटा अंश जंतूंना मारतो, आणि वाइन जितकी कमी आंबट तितका तो अंश लहान. रेड वाइनला सर्वसाधारण संरक्षण हवं तर पीएच 3.4 असताना फ्री 20 पीपीएम पुरतो, 3.6 ला 31 लागतो, 3.8 ला 49. नाशिकच्या उन्हात द्राक्षात साखर चटकन चढते आणि आंबटपणा उतरतो. त्यात तुमचे घड वायनरीची तोड झाल्यावर मागे राहिलेले, म्हणजे जास्तच पिकलेले. तुमची वाइन 3.7-3.8 ला असली तर मला नवल वाटणार नाही. तिथे 15 पीपीएम असून नसल्यासारखा.

म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर आधी पीएच मीटर घ्या आणि दर वेळी 4 आणि 7 पीएचच्या ठरावीक द्रावणांनी (बफरने) तो लावून घ्या. पीएच जास्त निघाला तर औषध वाढवण्यापेक्षा आंबटपणा वाढवणं शहाणपणाचं. त्याची खरी वेळ आंबवण्याआधीची असते. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक आम्लाने पीएच ढोबळमानाने 0.1 उतरतो. पीएच 3.8 वरून 3.5 वर आणलात तर निम्म्याच सल्फाइटमध्ये तेवढंच संरक्षण मिळतं. टोटल कमी ठेवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

मात्रा काढायचं गणित एका ओळीचं आहे. जितका पीपीएम वाढवायचा त्याला लिटरने गुणा आणि 570 ने भागा, केएमएसचे ग्रॅम मिळतात. 20 लिटरमध्ये 20 पीपीएम वाढवायचा तर 0.7 ग्रॅम. एक सपाट छोटा चमचा पाच-सहा ग्रॅमचा भरतो, म्हणजे चमच्याचा आठवा भाग. एवढंसं चमच्याने मोजता येत नाही, चिमटीने तर नाहीच. काट्यावर तोला, थोड्या वाइनमध्ये विरघळवा, मग जारमध्ये घालून हलक्या हाताने ढवळा. विरघळवताना तोंड वर धरू नका, आणि वन्सं घरात असतील तर ते काम त्या दिवशी करूच नका. घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजून उपयोग नाही. चार-पाच दिवसांनी बांधायचा तो बांधला गेला की मोजा.

आता ‘न घालताच करावी का?’ करता येते, करणारे आहेत. पण ती शून्य सल्फाइटची होणार नाही, यीस्टचा स्वतःचा वाटा राहतोच. त्यामुळे ‘यंदा केमिकल नाही’ म्हणून वन्संपुढे ग्लास ठेवण्याची सोय त्यातूनही होत नाही. आणि ‘केमिकल’ या शब्दाचा एवढा धसका आपल्या जिल्ह्यात तरी घेऊ नये. निर्यातीच्या द्राक्षपेटीत बागायतदार जो ग्रेप गार्डचा कागद टाकतो, त्यात हाच मेटाबायसल्फाइट असतो, फक्त सोडियमचा. पेटीतल्या दमटपणाने त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी धरत नाही. जास्त झाला की मणी देठाजवळ पांढरे पडतात, हेही तुमच्या माहेरी ठाऊक असेल. प्रश्न मापाचाच असतो.

केएमएसशिवाय करायची तर जागा आणि शिस्त लागते. जार गळ्यापर्यंत भरलेला, वर पोकळी नाही, एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणातलं) पाणी कधी आटू द्यायचं नाही, गाळावरून नितळ वाइन वेळेत काढायची, आणि एप्रिल-मे महिन्यांत थंड जागा. नाशिकच्या फ्लॅटमध्ये यातली शेवटची गोष्ट फ्रिजशिवाय जमत नाही, आणि 20 लिटर फ्रिजमध्ये मावत नाही. माझं मत विचाराल तर कमी पीएच, मोजूनमापून थोडं सल्फाइट आणि लवकर संपवणं, हा मार्ग ‘बिनकेमिकल’च्या हट्टापेक्षा बरा. सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून काहीजण केएमएसला दोष देतात. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि त्याचं मूळ बरेचदा भुरी रोगासाठी तोडणीच्या तोंडावर मारलेल्या गंधकात सापडतं. शेवटची फवारणी कधी झाली, ते घड आणण्याआधीच विचारून घ्या.

आता थोडं कटू. तुम्ही सहज लिहून गेलात की ‘विकत नाही, घरच्यांसाठीच करतो’. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हाच गुन्हा आहे. विकलं नाही, घरच्यांनाच पाजलं, या सबबीने तो टळत नाही. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वायनरींना सवलती दिल्या, घरातल्या जारला नाही. नाशिकमध्ये वाइनचं वातावरण इतकं मोकळं आहे की हे लक्षातच राहत नाही. मी वरचं सगळं लिहिलं ते जार आधीच भरलेला आहे आणि त्यातून कोणाला इजा होऊ नये म्हणून. पुढच्या हंगामाआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन काय शक्य आहे ते विचारा. प्रयोगशाळेत नमुना नेतानाही तो कुठला, हा प्रश्न येऊ शकतो, तयारी ठेवा. ही उठाठेव नको असेल तर न आंबवलेला द्राक्षरस करा. शिराजचा गडद रस, लगेच 80-85 अंशांवर तापवून, गरम असतानाच निर्जंतुक बाटल्यांत भरलेला, केएमएसशिवाय टिकतो. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. आणि तो वन्संनाही देता येतो, हा काही लहान फायदा नाही.

वन्संशी बोलायचं राहिलं. कागदावर आकडा घेऊन जाऊ नका. ‘मागच्या वर्षी स्क्वॉशच्या मापाने घातलं, ते जास्त होतं, तुम्हाला त्रास झाला’ एवढं सरळ सांगा. पुढे गणित समजवायला बसू नका, विचारलं तरच सांगा. तुमच्या जागी मी असते तर हे स्वयंपाकघरात, दोघीच असताना बोलले असते. सगळ्यांसमोर बोललं की लगेच कोणीतरी न्यायाधीश होतो. बाकीच्यांसाठी एक साधा नियम घाला: बाटलीवर चिठ्ठी, त्यावर ‘सल्फाइट आहे’ आणि भरल्याची तारीख. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनी दर किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असलेल्या पदार्थावर तसं छापावं लागतं. घरच्या पाहुण्यालाही ते वाचायला मिळालं तर बिघडत नाही. दमा कोणाला आहे हे प्रत्येकजण चारचौघांत सांगत नाही.

मागच्या वर्षीच्या उरलेल्या बाटल्या ओतून टाका. वर्षभरात त्यातला फ्री उतरला असेल, पण टोटल किती उरला ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि त्या रंग उडालेल्या वाइनसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. पेरॉक्साइड घालून सल्फाइट मारायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. थेंब जास्त झाला की वाइनही मरते. त्यांचा व्हिनेगर करावा म्हणाल तर तोही सहजी होणार नाही, तेवढ्या सल्फाइटमध्ये व्हिनेगरचे जिवाणू जगत नाहीत.

आणि केएमएसचं ते जुनं पाकीट वापरू नका. एक पावसाळा उघड्यावर काढलेल्या पुडीचे खडे झालेले असतात, तिचा जोर किती उरलाय ते कळत नाही, आणि मग वरचं 570 चं गणित चुकतं. दर हंगामाला 50-100 ग्रॅमचं नवं घ्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि उघडल्याची तारीख वर लिहा. जारचा पीएच किती निघाला ते जरूर कळवा, म्हणजे यंदाच्या 20 लिटरला आणखी घालायचं की नाही, ते नेमकं सांगता येईल.